हे आवरण काढू नये

डिजिटल पियानोला हेडफोन जोडला असता आवाज अपेक्षेपेक्षा कमी येतो, ही बाब उघडकीस आली तेव्हा निरीक्षक स्वतः पियानोसमोर बसलेले होते आणि पियानो चालू होता. या दोन्ही गोष्टी त्यांनी लगोलग तपासून घेतल्या. वायर भिंतीतल्या प्लगमध्ये होती. दिवा लागलेला होता. आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलेलं होतं. तरीही कानात जे येत होतं ते असं, की समोरच्या इमारतीत, दार लावून, दुसराच कोणीतरी माणूस वाजवतो आहे.

निरीक्षक वजनमाप खात्यातून निवृत्त झाले होते. नोकरीभर त्यांनी दुकानोदुकानी फिरून तराजू तपासले, वजनं तपासली, त्यांना शिशाची सीलं ठोकली आणि ज्याचं सील तुटलेलं सापडलं त्याला गिऱ्हाइकांदेखत फैलावर घेतलं. सील का तुटलं याची नाना कारणं त्यांनी ऐकली होती. उंदराने कुरतडलं, पोराने ओढलं, आपोआप गळून पडलं. यातल्या एकाही कारणावर त्यांनी कधी विश्वास ठेवला नाही. निवृत्तीनंतरही इमारतीत त्यांना सगळे निरीक्षकच म्हणत, आणि ते लिफ्टमध्ये शिरले की आतली माणसं उगाचच सरळ उभी राहत.

त्यांच्या पत्नी रुग्णालयात परिचारिका होत्या. त्यांना सगळे सिस्टर म्हणत. लग्नानंतर थोड्याच दिवसांत निरीक्षकही त्यांना सिस्टर म्हणू लागले, कारण रुग्णालयात फोन केला तर दुसऱ्या कुठल्याही नावाने त्या सापडत नसत. सुरुवातीला शेजाऱ्यांच्या भुवया वर गेल्या. पुढे त्या खाली आल्या.

या सिस्टर आता निवृत्त होत होत्या. रुग्णालय निरोप समारंभ करणार होतं, आणि तुम्हाला काय हवं असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं होतं, की भाषणं नकोत, भेटवस्तू नको, आमच्या यांना पियानो वाजवू द्या.

"मी?" निरीक्षकांनी घरी विचारलं होतं.

"तुम्हीच. लग्न ठरवायला आला होतात तेव्हा तुम्हीच म्हणालात ना, शाळेत असताना मी पियानो वाजवायचो म्हणून? मी अजून ऐकायची राहिलेय."

निरीक्षकांनी आयुष्यात कोणाचं देणं थकवलं नव्हतं, आणि हे तर घरातलंच निघालं. त्यांनी त्याच आठवड्यात डिजिटल पियानो घेतला. एकच चाल घ्यायची, ती नीट बसवायची आणि बायकोला ऐकवायची, एवढाच त्यांचा मनसुबा होता. डिजिटल अशासाठी, की त्याला हेडफोन लावता येतो. सिस्टर रात्रपाळी करत आणि दिवसा झोपत. त्यांची झोप इतकी सावध होती, की स्वयंपाकघरात कपात चमचा वाजला तरी त्या बिछान्यातून "कोणाला काय होतंय?" असं विचारत. उरला संध्याकाळचा वेळ. पण इमारतीच्या नियमानुसार वाद्यं वाजवायला परवानगी फक्त दिवसाची, म्हणजे नेमकी सिस्टर झोपलेल्या असत तेव्हाचीच होती. नियम मोडायचा नाही आणि बायकोची झोपही मोडायची नाही, तर हेडफोनला पर्याय नव्हता. आणि हेडफोनमध्ये आवाज कमी.

दोष कुठे आहे हे निरीक्षकांना शोधायला फार वेळ लागला नाही. ती त्यांची हयातभराची विद्या होती. हेडफोनची पिन जिथे घालायची त्या सॉकेटच्या तोंडाशी एक पारदर्शक प्लास्टिकचं कडं बसवलेलं होतं. त्यामुळे पिन पुरती आत जात नव्हती. तिचा चकाकता भाग थोडासा बाहेरच राहत होता. कडं काढलं की पिन आत, आणि पिन आत गेली की आवाज बाहेर, इतकं हे सरळ होतं. पण कड्यावर बारीक अक्षरांत छापलं होतं: हे आवरण काढू नये. अधिकृत तंत्रज्ञाखेरीज अन्य कोणी काढल्यास हमी रद्द समजावी.

सकाळी सिस्टर पाळी संपवून घरी आल्या तेव्हा निरीक्षकांनी चहा पिता पिता हा प्रकार त्यांच्या कानावर घातला.

"मग ओढून काढा की ते," सिस्टर म्हणाल्या.

निरीक्षकांचा कप बशीवर आपटला. "सील?"

"प्लास्टिकचं टोपण आहे ते."

"त्यावर लिहिलंय, सिस्टर."

"सलाइनच्या बाटलीवर पण सील असतं. मी ते वाचत बसले तर पेशंट जाईल."

"तू अधिकृत आहेस," निरीक्षक म्हणाले. सिस्टर जांभई देत झोपायला गेल्या.

निरीक्षकांनी कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला. आधी बराच वेळ पियानोचं संगीत लागलं. ते चांगलं खणखणीत ऐकू येत होतं, हे त्यांनी मनात टिपून ठेवलं. मग एक मुलगी बोलू लागली.

"आपली तक्रार आमच्यासाठी मोलाची आहे. बोला सर."

"हेडफोनमध्ये आवाज कमी येतो."

"कशापेक्षा कमी सर?"

निरीक्षक सुखावले. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कोणीतरी नेमका प्रश्न विचारला होता. "यायला हवा त्यापेक्षा."

"यायला हवा तो आवाज आपण कधी ऐकलाय का?"

"नाही. कमीच येतोय ना."

"मग तो कमी आहे असं आपण कशावरून म्हणता सर?"

निरीक्षकांनी कड्याची हकिगत सांगितली. कडं काढायला तंत्रज्ञ पाठवता येईल, मुलगी म्हणाली, पण त्यासाठी तक्रारीचा प्रकार निवडावा लागेल. तिच्यासमोर दोनच प्रकार होते: आवाज येत नाही, आणि आवाज नको तितका येतो. "मी 'आवाज येत नाही' असं टाकते सर. उद्या माणूस हजर."

"पण येतो ना."

"थोडासाच येतो ना सर?"

"थोडासा आला तरी तो आलाच. खोटी तक्रार मी करणार नाही."

मुलीने फोन होल्डवर ठेवला. तिच्या नोकरीत अशी माणसं कमी येत असावीत. मग तिने वरिष्ठांना विचारून सांगितलं, की अशा प्रकरणात विशेष पडताळणी करतात. आवाज कमी आहे की ग्राहकाचा कान कमी आहे, हे आधी ठरावं लागतं. तरी सरांनी कान तपासून घ्यावेत.

निरीक्षकांना हे पूर्ण पटलं. तराजू तपासण्याआधी तपासनिसाचं वजन प्रमाणित असावं लागतं, हे तेच तर नव्या पोरांना शिकवत आले होते. ते सिस्टरांच्याच रुग्णालयात कानाच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी त्यांना काचेच्या खोलीत बसवलं आणि शिट्टी ऐकू आली की बटण दाबायला सांगितलं. निरीक्षकांनी सगळ्या शिट्ट्या ऐकल्या. शिवाय बाहेर आल्यावर, तुमचं पोट गुरगुरतंय, सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही, असंही डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी कान अव्वल असल्याचं लिहून दिलं.

कंपनीने यावर विचार केला आणि मुलीने फोन करून निर्णय कळवला. "अभिनंदन सर. आपले कान फारच उत्तम आहेत. त्यामुळे आपण सर्वसाधारण ग्राहक ठरत नाही."

"म्हणजे?"

"आमचे पियानो सर्वसाधारण ग्राहकासाठी बनवलेले असतात. आपल्या कानाला जे कमी वाटतं ते सर्वसाधारण कानाला कमी वाटेलच असं नाही. तरी दोन सर्वसाधारण व्यक्तींनी ऐकून तसं सांगितलं, तर तक्रार लगेच ग्राह्य धरू."

पहिली सर्वसाधारण व्यक्ती आयतीच घरी आली. ती निरीक्षकांची मेहुणी होती. तिने हेडफोन लावला, निरीक्षकांनी चाल वाजवली, आणि अर्ध्यातच तिने हेडफोन काढला. "काही वाजतंय का यात? मला तर तुमच्या फ्रिजची घरघर ऐकू येतेय."

निरीक्षकांनी आनंदाने फोन लावून तिच्या हातात दिला.

"मॅडम, आपण ग्राहकांच्या कोण?" मुलीने विचारलं.

"मेहुणी."

"मग आपलं ऐकणं ग्राह्य धरता येणार नाही. नात्यातलं चालत नाही."

"अगं, पण मी ऐकलंच नाही, तेच तर सांगतेय!"

"आपलं न ऐकणंही ग्राह्य धरता येत नाही मॅडम."

मेहुणी तणतणत गेली. मग निरीक्षकांनी इमारतीच्या सेक्रेटरींना बोलावलं. सेक्रेटरी आले, खुर्चीत बसले आणि हेडफोन लावला. त्यांना काहीही ऐकू आलं नाही. पण त्यांची बायको गेलं वर्षभर त्यांना सकाळ-संध्याकाळ सांगत होती की तुम्हाला हल्ली कमी ऐकू येतं, आणि ते गेलं वर्षभर हे नाकारत होते. त्यामुळे त्यांनी डोळे मिटले आणि मान डोलवायला सुरुवात केली. निरीक्षकांनी हात पट्ट्यांवरून उचलल्यावरही ते बराच वेळ डोलत होते.

"वा," ते शेवटी म्हणाले.

"आवाज कमी आहे ना?"

"कमी? छे! अहो, हल्ली सगळे नुसते बडवतात. तुमच्यात संयम आहे."

वरच्या मजल्यावरचे प्राध्यापक सेक्रेटरींच्या मागोमाग आले. त्यांनी आयुष्यभर रसग्रहण शिकवलं होतं. त्यांनाही काही ऐकू आलं नाही, पण सेक्रेटरींना जे कळलं ते आपल्याला कळलं नाही असं म्हणणं त्यांच्याच्याने होणार नव्हतं. ते बराच वेळ छताकडे बघत बसले. "यात मौनाला केवढी जागा आहे," ते म्हणाले.

"अहो, पण ऐकू आलं का?" निरीक्षकांनी अगतिक होऊन विचारलं.

"ऐकू येणं ही फार प्राथमिक पायरी झाली, निरीक्षक."

कंपनीने दोघांनाही फोन करून विचारलं. दोघांनीही आवाज उत्कृष्ट असल्याचं सांगितलं. तक्रार समाधानकारकरीत्या निकाली निघाली, असा संदेश निरीक्षकांना आला.

खरं संकट यानंतर सुरू झालं. प्राध्यापकांनी लिफ्टमध्ये, जिन्यात आणि पार्किंगमध्ये निरीक्षकांच्या वादनाविषयी बोलायला सुरुवात केली. ज्यांना समजतं त्यांच्यासाठीच ते आहे, असं ते सांगत. साहजिकच सगळ्यांनाच ते ऐकायचं होतं. दुपारी दाराची बेल वाजू लागली. आधी इमारतीतले आले, मग त्यांचे पाहुणे, मग शेजारच्या इमारतीतले. प्रत्येक जण हेडफोन लावून बसे, मान हलवे आणि निघताना जिन्यात उभं राहून, मोठ्या आवाजात, ते वादन किती तरल होतं याची चर्चा करी. बायकोची झोप मोडू नये म्हणून आणलेल्या हेडफोनमुळे सिस्टरांची झोप पार उडाली.

एका सकाळी त्या घरी आल्या आणि पर्सही न ठेवता पलंगाच्या कडेवर बसल्या. "काल ड्युटीवर मला डुलकी लागली," त्या म्हणाल्या. "पेशंटने उठवलं. म्हणाला, सिस्टर, माझ्या गोळीची वेळ झाली."

निरीक्षकांनी त्यांच्या हातातली पर्स घेऊन बाजूला ठेवली.

"इतक्या वर्षांत असं कधी झालं नाही हो. तुम्हाला वाजवायला सांगितलं ना, तीच माझी चूक झाली. नका वाजवू. भाषणं ऐकेन मी."

बायकोने आजवर त्यांच्याकडे काही मागितल्याचं त्यांना आठवत नव्हतं, आणि जे एकदा मागितलं तेही ती आता परत घेत होती. ती झोपल्यावर ते पियानोपाशी गेले. त्यांनी अंगठ्याचं नख प्लास्टिकच्या कड्याखाली घातलं. कडं किंचित उचललं गेलं. त्याबरोबर त्यांच्या डोळ्यांपुढे एक किराणा दुकानदार उभा राहिला, ज्याने तराजूचं सील मोडलं होतं आणि जो हात जोडून म्हणत होता, साहेब, माझी बायको आजारी होती, घाईत झालं. त्यांनी तेव्हा त्याला काय सुनावलं होतं ते त्यांना शब्दशः आठवत होतं. नख बाहेर आलं. कडं पुन्हा जागेवर बसलं.

त्यांनी कायदेशीर मार्ग धरला. आपल्या जुन्या खात्याला कळवलं, की एका वस्तूच्या मापात खोट असल्याचा संशय आहे. दुसऱ्याच दिवशी दुपारी त्यांच्या जागेवर आलेला नवा निरीक्षक कातडी बॅग घेऊन दारात उभा राहिला. त्याला सगळं काम निरीक्षकांनीच शिकवलं होतं. त्याने त्यांना वाकून नमस्कार केला, मग चप्पल काढून पियानोची चारी बाजूंनी पाहणी केली.

"हे कडं तू काढू शकतोस का?" निरीक्षकांनी हळूच विचारलं. आत सिस्टर झोपल्या होत्या.

"सर, कंपनीचं सील मी कसं काढू? तुम्हीच शिकवलंत, दुसऱ्याच्या सीलला हात लावायचा नाही."

"मग काय करता येईल?"

"तेही तुम्हीच शिकवलंत सर. शंका आली की आधी सील."

त्याने बॅग उघडली. सॉकेटवरून, कंपनीच्या कड्यावरून, त्याने बारीक तार आडवी-उभी ओढली, तिची टोकं पिळली आणि शिशाची गोळी बसवून पकडीने दाबली. प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत वस्तू आहे त्या स्थितीत राहील, असं त्याने जाहीर केलं. सील सरळ बसलं होतं, तारेला कुठे ढील नव्हती. इतकं सफाईदार काम पाहून निरीक्षकांना भरून आलं. तो गेल्यावर त्यांनी पिन घालून बघितली. आता ती मुळीच आत जात नव्हती.

त्यांनी ती पुन्हा पुन्हा घालून बघितली. मग त्यांच्या लक्षात आलं, की आता आवाज येत नाही. म्हणजे अजिबातच येत नाही. त्यांनी धावत जाऊन फोन लावला.

"येत नाही ना सर?" मुलीला खरोखरच आनंद झाला. "बघा, आपण आधीच ऐकलं असतं तर? उद्या माणूस हजर."

माणूस हजर झाला. तो चांगला हुशार तंत्रज्ञ होता, आणि त्याच्या पेटीत हवं ते सगळं होतं. त्याने सॉकेट बघितलं आणि पेटी न उघडताच उचलली. "सरकारी सील आहे हे. आधी ते काढून घ्या, मग मला बोलवा." नव्या निरीक्षकाने फोनवर अदबीने सांगितलं, की तंत्रज्ञाचा अभिप्राय मिळाल्याशिवाय सील काढता येणार नाही. तंत्रज्ञ म्हणाला, सील काढल्याशिवाय अभिप्राय देता येणार नाही. दोघांचंही म्हणणं बिनचूक होतं. निरीक्षक स्वतः त्यांच्या जागी असते तर त्यांनीही हेच केलं असतं, आणि हे त्यांना कळत होतं, हाच सगळा त्रास होता.

हे त्यांनी सिस्टरांना सांगितलं नाही. आवाजच येत नाही म्हटल्यावर बेल वाजवणारेही त्यांनी दारातूनच परत पाठवायला सुरुवात केली. मोठ्या कार्यक्रमाची तयारी चालू आहे, असं ते सांगत. सिस्टरांची झोप पुन्हा जागेवर आली. निरीक्षक पियानोचे स्पीकर बंद करून, कानाला हेडफोन लावून आणि त्याची पिन शर्टाच्या खिशात खोचून, नुसत्या पट्ट्या दाबत बसू लागले. एकदा सिस्टर उठून बाहेर आल्या आणि दाराशी उभ्या राहून त्यांची बोटं बघत राहिल्या.

"आवाजाचं झालं का काही?"

"मार्ग निघालाय," निरीक्षक म्हणाले.

"आणि वाजवणं?"

"उत्तम चाललंय."

सिस्टर हसल्या आणि चहा टाकायला गेल्या. खोटी तक्रार करायला नकार देणारा हा माणूस बायकोशी मात्र धडधडीत खोटं बोलला, आणि त्या दिवशी त्याला चहा गेला नाही.

समारंभाचा दिवस उगवला. रुग्णालयाचा परिसर शांतता क्षेत्रात येत असल्याने स्पीकर लावायला मनाई होती. यावर तोडगा प्राध्यापकांनी काढला. सिस्टरांनी भाषणं नको म्हटल्यामुळे रुग्णालयाच्या अधीक्षकांनी प्राध्यापकांना फक्त प्रास्ताविक करायला बोलावलं होतं. तोडगा असा, की प्रत्येक श्रोत्याला हेडफोन द्यायचा, आणि सगळे हेडफोन एका वायरने पियानोला जोडायचे. सभागृहात खुर्चीखुर्चीवर हेडफोन ठेवले होते. पियानोचे स्पीकर रुग्णालयाच्या इलेक्ट्रिशियनने जातीने बंद केले होते. आवाजाचं बटण निरीक्षकांनी सवयीने शेवटपर्यंत फिरवलं.

हेडफोन भाड्याने देणारा माणूस वायरचं टोक घेऊन त्यांच्याजवळ आला. "कुठे लावू?"

निरीक्षकांनी सॉकेटकडे बोट दाखवलं. त्या माणसाने वाकून तार बघितली, शिसं बघितलं. "बरं," तो म्हणाला, "मग इथे ठेवतो." त्याने पिन फुलदाणीशेजारी टेबलक्लॉथवर व्यवस्थित ठेवली. वायर आणण्याचे पैसे त्याला मिळाले होते, ती लावण्याविषयी कोणी बोललं नव्हतं.

प्राध्यापकांचं प्रास्ताविक भाषणाएवढंच लांबलं. मग सगळ्यांनी हेडफोन चढवले. पहिल्या रांगेत मधोमध सिस्टर बसल्या होत्या. त्यांनी नवी साडी नेसली होती आणि दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरला होता. निरीक्षकांनी त्यांच्याकडे बघण्याचं टाळलं आणि वाजवायला सुरुवात केली.

सभागृहात पट्ट्यांच्या टकटकीखेरीज कसलाही आवाज नव्हता. अधीक्षकांनी पायाने ताल धरला. कानाच्या डॉक्टरांनी बोटांनी वेगळाच ताल धरला. सेक्रेटरींनी डोळे मिटले होते आणि मान दोन्हीपेक्षा निराळ्या लयीत हलत होती. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी रुमाल काढून डोळ्यांना लावला. चाल संपली, निरीक्षकांनी हात मांडीवर घेतले, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. शांतता क्षेत्रात इतका मोठा आवाज त्याआधी कधी झाला नसेल. सर्वांत जोरात कानाचे डॉक्टर टाळ्या वाजवत होते.

टाळ्या थांबल्यावर सिस्टर उभ्या राहिल्या. त्यांनी हेडफोन काढून थर्मामीटर झटकावा तसा झटकला, पुन्हा कानाला लावला, पुन्हा काढला.

"अहो," त्या म्हणाल्या, "मला काहीच ऐकू आलं नाही."

सभागृहात अवघडलेली शांतता पसरली. ही मात्र सगळ्यांना ऐकू आली. "थकवा असेल, सिस्टर," अधीक्षक मायेने म्हणाले. "डॉक्टर, उद्या जरा यांचे कान बघा."

सिस्टर मंचावर चढल्या. त्यांनी फुलदाणीशेजारची पिन बघितली, मग सॉकेट बघितलं. मग नवऱ्याकडे बघितलं. निरीक्षक पियानो आणि त्यांच्या मध्ये उभे राहिले.

"सिस्टर, ते सरकारी आहे."

"बाजूला व्हा."

"दोन सीलं आहेत गं. एक काढायला दुसरं—"

"आयुष्यभर माणसांच्या अंगावरच्या चिकटपट्ट्या काढल्यात मी," सिस्टर म्हणाल्या. "एका झटक्यात काढली की कमी दुखतं. डोळे मिटा."

निरीक्षकांनी डोळे मिटले. तार तुटल्याचा आवाज आला, शिशाची गोळी लाकडी फरशीवर टणटणत गेली आणि प्लास्टिक कट्कन निघालं. मग पिन आत बसली. सिस्टर खाली उतरून आपल्या जागी बसल्या आणि त्यांनी हेडफोन चढवला.

"हं. आता वाजवा."

सगळ्यांनी पुन्हा हेडफोन चढवले. निरीक्षकांनीही एक कानाला लावला, पहिली पट्टी दाबली, आणि सबंध सभागृह खुर्च्यांतून उडालं. बटण शेवटपर्यंत फिरवलेलं होतं. निरीक्षकांच्या कानांवर त्या दिवशी प्रथमच आपलं वाजवणं नीट पडलं, आणि ते भयंकर होतं. इतके दिवस नुसत्या दाबलेल्या पट्ट्यांपैकी कितीतरी भलत्याच होत्या. डावा हात उजव्याच्या पुढे धावत होता. लोकांनी भराभर हेडफोन उतरवले. सेक्रेटरी छातीवर हात ठेवून बसले. "मघाचं जास्त प्रगल्भ होतं," प्राध्यापक शेजाऱ्याला म्हणाले. हळूहळू माणसं उठून चहाच्या टेबलाकडे गेली.

एकट्या सिस्टर बसून राहिल्या. निरीक्षक घाम पुसत वाजवत होते आणि त्या हेडफोन लावून ऐकत होत्या. सूर चुकला की त्यांना हसू फुटे, मग त्या पदराने तोंड झाकत, आणि पदरामागे त्या हसताहेत की रडताहेत हे निरीक्षकांना कळेना. चाल संपली तेव्हा सभागृहात दुसरं कोणी नव्हतं.

"ऐकू आलं?" निरीक्षकांनी भीत भीत विचारलं.

"सगळं," सिस्टर म्हणाल्या. "एवढं चुकत होतात, आणि मला सांगत होतात उत्तम चाललंय!" त्यांनी डोळे पुसले. "परत वाजवा. सावकाश."

त्यांनी परत वाजवलं. परत चुकलं. त्या दिवशी त्यांनी ते कितीदा वाजवलं, हे निरीक्षकांनी मोजलं नाही.

पुढचं सगळं रीतसर झालं. सरकारी सील तोडल्याबद्दल नव्या निरीक्षकाने नोटीस बजावली आणि जाताना वाकून नमस्कार केला. कंपनीने हमी रद्द केल्याचं कळवलं, आणि लगेच दुसऱ्या संदेशात, आमच्या सेवेला आपण किती तारे द्याल, असं विचारलं. पियानो आता चांगला वाजतो. प्राध्यापक त्याविषयी कुठे बोलत नाहीत.

तुम्ही म्हणाल, काय हा माणूस! एवढंसं प्लास्टिक, नखाने निघालं असतं, आणि त्यापायी बायकोला एवढा ताप! तुमचं अगदी खरं आहे. हसून झालं असेल तर टीव्हीचा रिमोट जरा हातात घ्या. घेतल्या दिवशी त्यावर चढवलेली प्लास्टिकची पिशवी अजून तशीच आहे ना? आवाज वाढवायचं बटण तिच्यातून पहिल्या खेपेला दबत नाही. मग तुम्ही घरातल्यांना ओरडून सांगता, की हा रिमोट बिघडलाय, आणि तेच बटण आणखी जोरात दाबता.